आपल्या औषधांच्या यादीत रोजची कॉफी लिहावी का?

सुरंगी (धागालेखिका)

औषधाच्या दुकानात चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला फार्मासिस्टने आवर्जून विचारायचा प्रश्न म्हणजे, ‘याशिवाय आणखी काय चालू आहे?’ फोंड्यात हे काम करताना मी पाहते की रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, वैद्यांचा काढा, शेजाऱ्यांनी सुचवले म्हणून सुरू केलेली जीवनसत्त्वे, सारे लोक आठवून आठवून सांगतात. सकाळचे दोन आणि संध्याकाळचा एक कप कॉफी मात्र कोणीच सांगत नाही, कारण तिला कोणी औषध मानत नाही. या विषयावर येथे सविस्तर चर्चा व्हावी असे मला फार दिवसांपासून वाटत होते. कॉफी वाईट आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की रोज कॉफी घेणाऱ्याचा मेंदू तिच्याशी जुळवून घेतो आणि यकृतही तिचा हिशेब सांभाळत असते. त्यामुळे कॉफीत, औषधात किंवा धूम्रपानात अचानक बदल झाला, तर बाकीचे गणितही बदलते, आणि म्हणून डॉक्टरांना ती माहीत असायला हवी.

आधी मेंदूतील क्रिया पाहू. आपण जागे असताना मेंदूच्या पेशी ऊर्जा वापरतात, एटीपी या रेणूचे विघटन होते आणि त्यातून अ‍ॅडिनोसिन साचत जाते. ते पेशींवरील रिसेप्टरना, म्हणजे ग्राहींना, चिकटले की पेशींचे काम मंदावते आणि पेंग येऊ लागते. कॅफिनच्या रेणूची घडण अ‍ॅडिनोसिनशी इतकी मिळतीजुळती आहे, की बसच्या खिडकीतून रुमाल टाकून कोणी जागा अडवावी तसे ते या ग्राहींवर जाऊन बसते. स्वतः पेंग आणत नाही आणि अ‍ॅडिनोसिनलाही बसू देत नाही. थकवा तेथेच असतो, त्याची सूचना तेवढी पोहोचत नाही. कॅफिन उतरले की मधल्या वेळात साचलेले अ‍ॅडिनोसिन एकदम कामाला लागते.

यात दोन प्रकारचे ग्राही महत्त्वाचे आहेत. ए१ हे ग्राही मेंदूत जवळपास सर्वत्र असतात आणि ग्लुटामेट, अ‍ॅसिटिलकोलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन अशा संदेशवाहक रसायनांच्या स्रवण्याला लगाम घालतात. कॅफिनने हा लगाम सैल पडतो, म्हणून लक्ष एकाग्र होते, आणि मात्रा जास्त झाली तर हात थरथरतात व छाती धडधडते. ए२ए हे ग्राही मुख्यतः मेंदूच्या स्ट्रायटम या भागात, डोपामिन या आणखी एका संदेशवाहकाच्या डी२ ग्राहींच्या शेजारी असतात आणि त्यांचा प्रभाव कमी करतात. ते अडले की आहे तेवढ्याच डोपामिनचे काम अधिक उठावदार होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पेट स्कॅन अभ्यासात निरोगी व्यक्तींना ३०० मिलिग्रॅम कॅफिन दिल्यावर स्ट्रायटममधील डी२ व डी३ ग्राहींची उपलब्धता वाढलेली दिसली. डोपामिनचा स्राव वाढून ते ग्राही भरले असते, तर ती घटलेली दिसली असती. कोकेनसारखे पदार्थ डोपामिनचा लोंढा सोडतात, कॅफिन तसे करत नाही, आणि दोन्हींच्या व्यसनाधीनतेत एवढे अंतर का आहे याचे एक कारण यात आहे.

रोजच्या सेवनाने काय होते, हा खरा प्रश्न. ग्राही सतत अडलेले राहिले की मेंदू अ‍ॅडिनोसिनला अधिक संवेदनशील होतो. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा वेळी ग्राहींची संख्या वाढलेली आढळली आहे. म्हणून पहिल्या दिवसांतली तरतरी पुढे त्याच कपातून मिळत नाही. कॉफी एकदम बंद झाली, तर मोकळ्या झालेल्या या वाढीव ग्राहींवर अ‍ॅडिनोसिन तुटून पडते, मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोके ठणकू लागते. साधारणतः १२ ते २४ तासांत हा त्रास सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत शिगेला पोहोचतो आणि २ ते ९ दिवस राहू शकतो. डोकेदुखीबरोबर सुस्ती, चिडचिड, उदासपणा आणि काही वेळा मळमळही असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ सालच्या आपल्या निदानपुस्तिकेत कॅफिन सोडल्याने होणाऱ्या या त्रासाला स्वतंत्र निदान म्हणून स्थान दिले आहे; कॅफिनचे व्यसन हा विकार मात्र त्याच पुस्तिकेने पुढील अभ्यासासाठी राखून ठेवला आहे. हा भेद मला न्याय्य वाटतो.

आता यकृताकडे वळू, कारण इतर औषधांशी गाठ तेथे पडते. कॅफिनचा बहुतेक भाग सीवायपी१ए२ या एकाच एन्झाइमकडून पचवला जातो. निरोगी प्रौढात रक्तातील कॅफिन निम्मे व्हायला सरासरी ५ तास लागतात. पण आनुवंशिकता, गर्भारपण, धूम्रपान आणि औषधे यांमुळे हा काळ दीड तासापासून साडेनऊ तासांपर्यंत आणि काही परिस्थितींत त्याहून कितीतरी लांबतो. हेच एन्झाइम काही महत्त्वाची औषधेही पचवते, आणि काही औषधे या एन्झाइमलाच अडवतात. मानसोपचारात दिले जाणारे फ्लुवोक्सामीन हे त्यातले सर्वांत ठळक उदाहरण होय. ते चालू असताना कॅफिन निम्मे व्हायला ५ तासांऐवजी ३० तासांच्या आसपास लागल्याची नोंद आहे. म्हणजे सकाळच्या कपाचा मोठा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात असतानाच नवा कप पोटात जातो. लघवीच्या किंवा पोटाच्या जंतुसंसर्गासाठी आपल्याकडे सर्रास दिले जाणारे सिप्रोफ्लॉक्सासिनही, त्यापेक्षा कमी प्रमाणात, हेच करते. अँटिबायोटिक घेतल्यापासून झोप नाही आणि छाती धडधडते, अशी तक्रार कोणी केली तर दिवसाला किती कॉफी होते हे मी आता आधी विचारते.

सर्वांनी आपापले प्रश्न आणि अनुभव लिहावेत. उत्तरे ही सर्वसाधारण माहिती आहे. स्वतःच्या औषधात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आंतरुज

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु एक हरकत नोंदवतो. आमच्या आजीने आयुष्यभर पहाटे आणि दुपारी कॉफी घेतली आणि ती पूर्ण शुद्धीत, खणखणीत आवाजात बोलत नव्वदी ओलांडून गेली. घराघरांतल्या अशा साध्या सवयीला एकदम रसायन आणि मात्रा म्हटले की माणसे विनाकारण घाबरतात. दुसरे असे, की आमच्या घरातल्या बायका हरताळकेला पाणीसुद्धा घेत नाहीत आणि दुपारनंतर हमखास डोके धरून बसतात. ती उपाशीपोटाची डोकेदुखी असते असेच आम्ही समजत आलो. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तिचे कारण कॉफी आहे का?

सुरंगी

तुमच्या आजींबद्दल वाचून आनंद झाला, आणि त्यांच्या अनुभवाला शास्त्राचा विरोध नाही. हवाई बेटांवरील होनोलुलू येथे जपानी वंशाच्या पुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीतून २००० साली असे समोर आले, की कॉफी पिणाऱ्यांत पार्किन्सनचा आजार कॉफी न पिणाऱ्यांपेक्षा बराच कमी आढळतो. पुढे इतर देशांतील पाहण्यांतही हा संबंध पुन्हा दिसला. कॉफीनेच आजार टळला असे अशा पाहणीवरून ठामपणे म्हणता येत नाही. तरीही ए२ए ग्राही अडवणारे इस्ट्राडेफिलिन हे औषध २०१३ साली जपानमध्ये आणि २०१९ साली अमेरिकेत पार्किन्सनच्या रुग्णांसाठी मंजूर झाले, यावरून या ग्राहींचे महत्त्व कळते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चिंतेचे नाही असे म्हटले, तर आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ सालच्या आहारविषयक मार्गदर्शनात ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. दिवसाचे दोन-तीन घरगुती कप बहुधा या मर्यादेच्या आतच असतात.

हरताळकेच्या डोकेदुखीत उपवास, पाणी न पिणे आणि कॅफिन थांबणे या तिन्हींचा वाटा असू शकतो. ज्या उपवासांना चहा-कॉफी चालते, त्या दिवशीही तेच डोके दुखते का, हे पाहिले म्हणजे पुष्कळसा उलगडा होईल. त्रास कॅफिनचा असेल तर उपवासाच्या आधीच्या आठवड्यात कपाचा आकार रोज थोडा थोडा कमी करत न्यावा आणि आदल्या दोन दिवसांत अगदी थोडी किंवा मुळीच घेऊ नये. मेंदूला ग्राहींची संख्या पुन्हा जुळवायला तेवढा अवधी लागतो. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवलेल्या रुग्णांनाही ही डोकेदुखी गाठते आणि ती भुलीची समजली जाते. म्हणून भूलतज्ज्ञांना कॉफीची सवय आधीच सांगावी.

जुवारीपार

मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करतो. पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास डोळे मिटू लागतात, तेव्हा यंत्रावरची कॉफी घेतल्याशिवाय इलाज नसतो. सकाळी घरी आल्यावर अंग मोडून आलेले असते, तरी झोप तुटक लागते. घरातली मंडळी म्हणतात, जायफळ घातलेली कॉफी घे, तिने झोप येते. त्यात तथ्य आहे का?

सुरंगी

पहाटे साडेतीनला घेतलेल्या कॉफीतले कॅफिन सकाळी साडेआठच्या सुमारास निम्मे उरलेले असते आणि ती नेमकी तुमची झोपायची वेळ असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिले, तरी एकूण झोप तासाभराहून अधिक घटली. ती मात्रा मोठी होती, पण यातून अंतराचे महत्त्व कळते. कॉफी पाळीच्या सुरुवातीला, रात्री अकरा-बाराला घ्यावी, आणि परवानगी असेल तर तीनच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत, हा माझा सल्ला आहे. त्या डुलकीत अ‍ॅडिनोसिन खरोखरच कमी होते; कॉफीने ते कमी होत नाही. पहाटे दुचाकीवरून घरी परतणाऱ्याने तर हा फरक नक्की लक्षात ठेवावा.

जायफळाबद्दल मला स्वतःला आपुलकी आहे, आपल्या कुळागरांत ते पिकते आणि त्याच्या वासाने मन निवते. तरीही कपात उगाळलेल्या चिमूटभर जायफळाने कॅफिन रद्द होत नाही. जायफळ दुधात घ्यावे, त्यात कॉफी घालू नये. सारस्वत घरांतला धणे-जिऱ्याचा कषाय त्या वेळी उत्तम, त्यात कॅफिन नसते.

कुळागर

माझ्या वडिलांना अनेक वर्षे ओलान्झापीन हे मानसोपचारातील औषध चालू आहे आणि त्यावर त्यांची प्रकृती स्थिर आहे. ते विड्या आणि सिगारेटी खूप ओढायचे. गेल्या महिन्यात छातीच्या डॉक्टरांनी दटावल्यावर त्यांनी धूम्रपान एकदम सोडले, याचे आम्हा सर्वांना समाधान वाटले. मात्र तेव्हापासून ते दिवसभर झोपाळलेले असतात, रात्री मात्र त्यांची तगमग होते, आणि सुस्ती घालवायला म्हणून ते कॉफी अधिकच घेऊ लागले आहेत. आई म्हणते, विडी सोडल्याचा त्रास आहे, जाईल हळूहळू. या साऱ्याचा एकमेकांशी संबंध असू शकतो का?

सुरंगी

हा संबंध फार महत्त्वाचा आहे आणि तो तुम्ही त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना आजच फोन करून सांगावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तंबाखूच्या धुरातील काही हायड्रोकार्बन संयुगांमुळे यकृतात सीवायपी१ए२ एन्झाइम जास्त प्रमाणात तयार होते. हे काम धूर करतो, निकोटीन करत नाही. म्हणून विडी आणि सिगारेट या बाबतीत सारख्याच, आणि निकोटीनच्या च्युइंगगमने किंवा पट्टीने हा परिणाम टिकून राहत नाही. भरपूर धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन आणि ओलान्झापीन दोन्ही लवकर बाहेर पडतात, आणि डॉक्टरांनी बसवलेली गोळीची मात्रा त्या वेगाला साजेशी असते. धूम्रपान थांबले की साधारण आठवड्याभरात एन्झाइमचे प्रमाण उतरते. गोळी तीच, पण रक्तातील औषध वाढते आणि माणूस दिवसभर पेंगतो. कॉफीही तेवढीच असली तरी रक्तातील कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकते, आणि येथे तर कॉफी वाढलेली आहे. तगमग, झोप उडणे, चिडचिड ही निकोटीन सोडल्याची लक्षणे आहेत आणि कॅफिन जास्त झाल्याचीही तीच आहेत. त्यामुळे अनेक जण धूम्रपान सोडण्याला दोष देऊन पुन्हा विडी हातात घेतात, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

वडिलांनी विडी पुन्हा सुरू करू नये, गोळी मनाने कमी किंवा बंद करू नये, आणि कॉफीही एका दिवसात तोडू नये. ती पूर्वीच्या प्रमाणावर आणि मग त्याच्या निम्म्यावर आणावी. मात्रेचा निर्णय डॉक्टर घेतील. क्लोझापीन हे मानसोपचारातीलच दुसरे औषध घेणाऱ्यांच्या बाबतीत ही काळजी आणखी कसोशीने घ्यावी लागते, कारण तेही याच वाटेने पचते आणि कॉफी अचानक वाढवल्याने किंवा सोडल्यानेसुद्धा त्याची रक्तातील पातळी हलते. मानसोपचारातल्याच लिथियम या औषधाचे गणित उलट आहे. कॅफिनमुळे मूत्रपिंडातून लिथियम अधिक बाहेर टाकले जाते, म्हणून कॉफी एकदम सोडली तर रक्तातील लिथियम वाढते, आणि सुरक्षित व विषारी पातळीत फार अंतर नसलेल्या औषधात ही वाढ धोक्याची ठरू शकते. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनीही हे वाचावे: तो रेणू कॅफिनचा सख्खा भाऊ आहे, तोही याच एन्झाइमकडे जातो, आणि दोन्ही साचले तर उलट्या आणि धडधड होते.

काजूबाग

एप्रिल-मेमध्ये उराक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) आणि एरवी काजूची फेणी हे आमच्या भागातले नित्याचे. जेवणानंतर कडक काळी कॉफी पाजली की माणूस गाडी चालवण्याइतका भानावर येतो, अशी समजूत आहे. अलीकडे तरुण मुले एनर्जी ड्रिंकमध्ये फेणी मिसळतात. याबद्दल लिहावे.

सुरंगी

दारूमुळे मेंदूत अ‍ॅडिनोसिनचा प्रभाव वाढतो आणि गुंगी येण्यात त्याचा हातभार असतो. कॅफिन तेवढी गुंगी झाकते. रक्तातील अल्कोहोल त्याने जराही कमी होत नाही, आणि अंतराचा अंदाज, ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ, निर्णयाचा ताबा हे सारे बिघडलेलेच राहते. गुंगी नसल्यामुळे आपण शुद्धीवर आहोत असे वाटते, माणूस आणखी पितो आणि चावी हातात घेतो. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे, आणि कॉफीने तो आकडा बदलत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफिन घातलेल्या मद्यपेयांच्या उत्पादकांना इशारा दिला, त्यामागे हेच कारण होते. आपल्याकडे कॅफिनयुक्त पेयात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन असू शकते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात ७५ मिलिग्रॅम. एकट्या डब्याचा हा आकडा भयंकर नाही, पण फेणीबरोबर असे तीन-चार डबे होतात. ज्याला जास्त झाली आहे त्याला झोपू द्यावे, एका कुशीवर झोपवावे आणि जवळ कोणीतरी थांबावे.

बकुळ

मला थायरॉइडची गोळी चालू आहे आणि आता पाचवा महिना लागला आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्याही दिल्या आहेत. सकाळी उठल्याबरोबर कॉफीसोबतच थायरॉइडची गोळी घेण्याची सवय आहे. हे चालेल का?

सुरंगी

प्रथम अभिनंदन. थायरॉइडची, म्हणजे लेव्होथायरॉक्सिनची, गोळी फक्त पाण्याबरोबर, उपाशीपोटी घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो एक तास कॉफी घेऊ नये, कारण कॉफीमुळे ती आतड्यात नीट शोषली जात नाही. गर्भारपणात या संप्रेरकाची गरज वाढते, म्हणून हे अंतर आत्तापासूनच पाळा. थायरॉइडच्या आणि लोहाच्या गोळीत साधारण चार तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीपासून आणि जेवणापासूनही कॉफी दूर ठेवा. कॉफीतील पॉलिफेनॉल लोहाला बांधून टाकतात. जेवणानंतर तासाभराने घेतलेली कॉफीसुद्धा जेवणाबरोबरच्या कॉफीइतकीच आडवी येते, जेवणाच्या तासभर आधीची येत नाही, असे १९८३ सालच्या एका प्रयोगात दिसले होते. म्हणून कॉफी आधी, जेवण मागाहून हा क्रम अधिक चांगला.

दिवस जातील तसे कॅफिन शरीरातून अधिकाधिक हळू बाहेर पडते आणि शेवटच्या तिमाहीत ते निम्मे व्हायला १५ तासांच्या आसपास लागू शकतात. ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते, आणि बाळाकडे ते पचवणारे एन्झाइम जवळजवळ नसते. म्हणून दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली जाते. त्यात चहा, कोला आणि चॉकलेटही धरावे. (गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांतही कॅफिन टिकण्याचा काळ जवळजवळ दुप्पट होतो, हे येथेच सांगून ठेवते.)

दर्यादेग

मिलिग्रॅमचे आकडे वाचले, पण घरातल्या कपात किती कॅफिन आहे हे सामान्य माणसाने कसे ओळखावे? आमच्याकडे चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी असते.

सुरंगी

वैद्यकीय संशोधन परिषदेच्या त्याच मार्गदर्शनात १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम असा अंदाज दिला आहे. चिकोरीत कॅफिन नसते. पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते आणि ते ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते, तेव्हा तेवढे वजा धरावे. उलट, रोबस्टा जातीच्या बियांत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असते आणि भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाच अधिक आहे. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन घातलेले असते, कारण त्याने वेदनाशामकाचा परिणाम थोडा वाढतो. आठवड्यातून अनेक दिवस त्या घेणाऱ्याला पुढे गोळी उतरल्यावरच डोकेदुखी होऊ लागते आणि तो पुन्हा तीच गोळी घेतो. पाकिटाच्या मागचे घटक वाचण्याची सवय येथे फार उपयोगी पडते.

कुळागर

डॉक्टरांशी बोललो. त्यांनी धूम्रपान सोडल्याची तारीख आणि कॉफीचे कप दोन्ही कागदावर लिहून घेतले, गोळीची मात्रा उतरवली आणि आठवड्याने बोलावले आहे. आईला हे सारे समजावून सांगितले. आणखी एक प्रश्न. वडिलांची हृदयाची ताण-चाचणी ठरली आहे, ते चालू शकत नसल्याने औषध देऊन करणार आहेत. तेव्हा कॉफीचे काय करावे?

सुरंगी

हे ऐकून फार बरे वाटले. चालता न येणाऱ्या रुग्णाच्या चाचणीत बहुधा अ‍ॅडिनोसिन किंवा त्याच ग्राहींवर काम करणारे दुसरे औषध शिरेतून देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अंगात कॅफिन असेल तर ते तेथेही ग्राही अडवते आणि चाचणी खोटा दिलासा देऊ शकते. म्हणून आधी १२ ते २४ तास कॉफी, चहा, कोला, चॉकलेट, डिकॅफ (कॅफिन काढलेली कॉफी) आणि कॅफिन असलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या वर्ज्य असतात. नेमके किती तास ते चाचणी-केंद्राला विचारा. वडिलांच्या शरीरात कॅफिन आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ टिकत असल्याने पूर्ण २४ तास पाळणे चांगले, आणि त्यासाठी आजपासूनच रोज थोडी थोडी कमी करत न्या. थिओफिलिन चालू असेल तर तेही केंद्राला आधीच सांगा.